मोकळा पाळणा

ज्या शास्त्रांत आपण जन्मतःच पारंगत आहो असे मनुष्यमात्रास वाटते अशी शास्त्रे दोन: एक राजकारण व दुसरे बालसंगोपन. पैकी पहिल्यावर बोलण्यापूर्वी मनुष्य निदान सकाळचे वर्तमानपत्र तरी चाळतो. दुसऱ्यावर बोलण्यास, आपण स्वतः एके काळी मूल होतो, एवढी पात्रता त्यास पुरेशी वाटते. बारशाला जमलेल्या मंडळींत मुलाला गुटी द्यावी की देऊ नये, तेल कोणते लावावे, टोपडे केव्हा काढावे, ह्यांविषयी जितकी डोकी तितकी मते आढळतात. झोपेच्या बाबतीत मात्र सर्वांचे एकमत असते. मूल झोपले की घर सुटकेचा निःश्वास टाकते. स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवली जातात, आणि दाराशी आलेल्या पाहुण्यासही ओठांवर बोट ठेवून आत घेतात. झोपलेल्या मुलाची काळजी ती कसली करावयाची, असे त्या वेळी प्रत्येकास वाटत असते.

तथापि ज्या स्त्रीने एक तरी मूल वाढविले आहे तिला ही काळजी ठाऊक असते. मध्यरात्री कारण नसता तिला जाग येते, ती अंधारात चाचपडत मुलाच्या नाकापाशी बोट नेते, आणि ऊन श्वास बोटास लागला म्हणजे पुन्हा अंथरुणावर पडते. ही गोष्ट ती कोणाजवळ बोलत नाही. बोलल्यास लोक हसतील हे एक कारण, आणि अभद्र बोलू नये हे दुसरे. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या न बोलल्या जाणाऱ्या काळजीविषयीच बोलणार आहो.

ही भीती फार जुनी आहे. सॉलोमन राजाच्या न्यायाची कथा आमच्या पिढीस शाळेतील इंग्रजी वाचनपुस्तकांतून परिचित झाली. एका मुलासाठी भांडणाऱ्या दोन आया आणि तलवार मागविणारा राजा एवढे त्या कथेतले सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्या भांडणाचे मूळ बहुधा कोणाच्या ध्यानात राहत नाही. दोघींना दोन मुले होती, आणि त्यांपैकी एक रात्री झोपेत आईच्या अंगाखाली सापडून मेले, असे बायबलात सांगितले आहे. युरोपात ही समजूत शेकडो वर्षे टिकली. सकाळी पाळण्यात मूल मेलेले आढळले की आईने किंवा दाईने ते झोपेत चिरडले, असा निवाडा होत असे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तर दाईचे अंग मुलावर पडू नये म्हणून मुलावर ठेवावयाची एक कमानदार लाकडी चौकटच वापरात होती. आपल्याकडे हा निवाडा वेगळ्या शब्दांत होई. सटवाईने कपाळी तेवढेच लिहिले होते, कोणाची दृष्ट लागली, बाळंतिणीने तिन्हीसांजेला मूल बाहेर नेले, अशी त्याची कलमे असत. ह्या सर्व उपपत्तींत एक साम्य आहे. त्यांत दोष एक तर देवीकडे जातो, नाही तर आईकडे. आणि देवीस जाब विचारण्याची सोय नसल्याने अखेरीस तो आईच्याच पदरी पडतो.

आता, अडाणी लोकांच्या ह्या कल्पनांस हसून शास्त्राकडे वळावे, असा सुशिक्षितांचा रिवाज आहे. पण ह्या विषयात शास्त्राचा इतिहासही फारसा अभिमान बाळगण्याजोगा नाही, आणि तो आपण सर्वांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

अमेरिकेतील डॉक्टर बेंजामिन स्पॉक ह्यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे लक्षावधी घरांत त्यास जवळजवळ धर्मग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. १९५० नंतरच्या त्याच्या काही आवृत्त्यांत मुलास पालथे निजवावे असा सल्ला होता. कारण असे दिले जाई की, उताणे मूल ओकले तर ओकारी घशात अडकून ते गुदमरेल. पालथे असल्यास ती बाहेर पडेल. हा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो. त्यात कोठेही तर्कदोष दिसत नाही. पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांनी तो उचलला, परिचारिकांनी नव्या आयांस शिकविला, आणि ज्या देशांत शतकानुशतके मुले उताणी अगर कुशीवर निजत होती तेथे ती पालथी निजू लागली.

दोष होता तो एवढाच की, युक्तिवाद करणाऱ्यांनी मोजदाद केली नव्हती. न्यूयॉर्क येथील हॅरोल्ड अब्रामसन ह्यांनी १९४४ सालीच अंथरुणात गुदमरून मेलेल्या मुलांची पाहणी करून त्यांतील बहुसंख्य मुले पालथी आढळल्याचे नमूद केले होते. परंतु ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. हॉलंडात १९७० नंतर पालथे निजविण्याची चाल पडली, आणि पाळण्यातील अकस्मात मृत्यू वाढू लागले. तेथील डॉक्टरांनी १९८७ साली लोकांस जाहीरपणे सावध केले. इंग्लंडात ब्रिस्टल येथे पीटर फ्लेमिंग ह्यांनी, आणि न्यूझीलंडात एडवर्ड मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मेलेल्या व जगलेल्या मुलांच्या निजण्याच्या सवयी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तेव्हा पालथे निजणे व मृत्यू ह्यांतील संबंध नाकारणे अशक्य झाले. १९९१ साली ह्या दोन्ही देशांत मुलास उताणे निजविण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली तसाच सल्ला दिला आणि १९९४ पासून तेथे देशव्यापी प्रचार झाला. त्याचा परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा आहे. १९९२ साली अमेरिकेत दर हजारी सुमारे १.२ मुले अशा अकस्मात मृत्यूस बळी पडत. २००१ साली ते प्रमाण ०.५६ वर आले. कोणतेही नवे औषध निघाले नव्हते, की कोणते यंत्र निघाले नव्हते. मुले फक्त कूस बदलून निजविली गेली होती.

ह्या हिशेबाची दुसरी बाजू २००५ साली प्रसिद्ध झाली. रूथ गिल्बर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी जुने सर्व अभ्यास एकत्र करून दाखविले की, पालथे निजणे धोक्याचे आहे हे सिद्ध होण्याजोगा पुरावा १९७० सालीच हाताशी होता. तो तेव्हाच कोणी जुळवून पाहिला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान पन्नास हजार मुले वाचली असती. आमचा व्यवसाय अध्यापनाचा असल्याने हा आकडा आम्हांस विशेष बोचतो. निर्दोष दिसणारा तर्क, प्रतिष्ठित लेखक, छापील पुस्तक आणि श्रद्धाळू वाचक ह्या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे किती अनर्थ घडू शकतो, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ज्या भीतीने हा सगळा घोळ झाला तिचे निरसन शरीररचनेनेच होते. मनुष्य उताणा असता श्वासनलिका वर व अन्ननलिका खाली असते. पोटातून वर आलेले दूध श्वासनलिकेत जावयाचे तर त्यास चढण चढावी लागेल. पालथे मूल घेतल्यास क्रम उलटतो; अन्ननलिका वर येते, आणि ओकारीस श्वासनलिकेकडे उतरण मिळते. म्हणजे जो धोका उताण्या मुलास आहे असे समजले जात होते तो पालथ्या मुलासच अधिक. कुशीवर निजविणे हा मधला मार्गही सुरक्षित नाही, कारण कुशीवरचे मूल कलंडून सहज पालथे होते.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटली. पालथे मूल अधिक गाढ झोपते. म्हणून तर अनेक आयांचा ह्या पद्धतीवर लोभ जडला. आपल्याकडे गाढ झोप हा आशीर्वाद समजतात. पण तान्ह्या मुलाच्या बाबतीत मधून मधून जाग येणे हेच त्याचे संरक्षण असते. नाकातोंडाशी मऊ कापड आले, सोडलेलाच श्वास पुन्हा आत येऊ लागला, की निकोप मूल चुळबुळते, मान फिरविते, रडते. काही मुलांच्या मेंदूच्या देठात हा जागे करणारा पहारेकरी जन्मतःच दुबळा असतो, असे बोस्टन येथील हॅना किनी ह्यांच्या संशोधनावरून दिसते. १९९४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने मांडलेली उपपत्ती अशी की, असा मृत्यू तीन गोष्टी एके ठिकाणी आल्यावर घडतो: मुलातील अदृश्य दुबळेपणा, पहिल्या काही महिन्यांचा नाजूक काळ, आणि बाहेरचे एखादे निमित्त. पहिली गोष्ट डोळ्यांस दिसत नाही. दुसरी टाळता येत नाही. तिसरी मात्र आपल्या हाती आहे. दोन ते चार महिन्यांच्या वयात हा धोका सर्वांत अधिक असतो, आणि असे बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत घडतात.

तेव्हा आजचे नियम थोडक्यात असे. मुलास दर वेळी, दिवसा व रात्री, उताणे निजवावे. अंथरूण सपाट व घट्ट असावे. दाबल्यास खड्डा पडू नये. त्यावर ताणून बसविलेल्या चादरीशिवाय काही नसावे: उशी नको, लोड नको, मऊ दुलई नको, कापडी बाहुली नको. मुलाचे अंथरूण आईच्या खोलीत, तिच्या हाताशी, परंतु वेगळे असावे, आणि ही व्यवस्था निदान सहा महिने चालावी. फार कपडे घालून त्यास उबवू नये. निजताना डोक्यावर टोपडे ठेवू नये. खोलीत विडी-सिगारेटचा धूर नसावा, आणि आपल्याकडील धुरीही तान्ह्या फुप्फुसांस पथ्यकर नाही. आईचे दूध ह्या मृत्यूपासूनही काही अंशी संरक्षण देते. जागेपणी, कोणी समोर बसले असता, मुलास थोडा वेळ अवश्य पालथे ठेवावे. त्याने मान व खांदे बळकट होतात. मूल आपले आपण दोन्ही बाजूंनी वळू लागले म्हणजे निजविताना उताणे ठेवावे, मग ते वळल्यास पुन्हा पुन्हा सरळ करीत बसण्याचे कारण नाही.

हे नियम कागदावर सोपे दिसतात. घरात ते कसे उतरतात ते पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. आमची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नात दीड महिन्याची झाली तेव्हा तिला पाहण्यास आमच्या मातोश्रींच्या धाकट्या भगिनी गावाहून आल्या. मावशीचे वय आज ऐंशीच्या घरात आहे. त्यांनी येताना स्वतःच्या हातांनी शिवलेली मोहरीची उशी, सहा पदरी दुपटे व पाळण्याच्या चारी बाजूंस लावावयाच्या रेशमी झालरी आणल्या होत्या. मोहरीच्या उशीने डोके गोल होते ही समजूत आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. कन्येने ते सर्व आदराने घेतले, मस्तकी लावले, आणि कपाटात ठेवून दिले. पाळण्यात पूर्वीप्रमाणेच एक सपाट गादी व एक चादर एवढेच राहिले.

मावशींनी दोन दिवस काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्या आमच्या कुटुंबास म्हणाल्या, "अगं, पाळणा हा असा उघडाबोडका! पोर अनाथ असल्यासारखी दिसते." त्यांचे म्हणणे आम्हांस कळले. आपल्याकडे माया ही नेहमी भरून दिली जाते. ताटात वाढताना ती काठोकाठ वाढतात, ओटीत घालताना ओंजळ भरून घालतात, आणि मुलाच्या अंथरुणात ती एकावर एक दुपट्यांनी रचतात. ज्या पाळण्यात काही नाही त्यात माया नाही, असे जुन्या डोळ्यांस वाटले तर त्यात नवल नाही.

कन्येने मावशींजवळ बसून डॉक्टरांनी दिलेले मराठी पत्रक त्यांना वाचून दाखविले. मावशींनी ते शांतपणे ऐकले. मग त्यांनी पत्रक हाती घेतले, चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचले, आणि आमच्याकडे वळून विचारले, "अरे, मग माझ्या पहिल्या वेळचे काय रे?"

त्यांचे पहिले मूल तीन महिन्यांचे होऊन गेले, ही गोष्ट आमच्या घराण्यात सर्वांस ठाऊक होती व कोणी बोलत नसे. ती हकीकत १९६८ सालची. रात्री दूध पिऊन निजलेले मूल सकाळी उठले नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा काय म्हटले असेल ते मावशींनी त्या दिवशी प्रथमच सांगितले: हिने झोपेत पोर दडपले. त्यांच्या नंतरच्या तिन्ही मुलांच्या वेळी त्या रात्र रात्र बसून राहत, आडव्या होत नसत, हे त्यांनी जोडून सांगितले. आता साठ वर्षांच्या जवळपास लोटल्यावर एका पत्रकाने त्यांच्यापुढे उशी, दुपटे, धुरी अशी नवी आरोपपत्रिका ठेवली होती.

आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, त्या रात्री काय झाले हे आज कोणीही डॉक्टर सांगू शकणार नाही; की अशा मृत्यूंत मुलातच न दिसणारा दुबळेपणा असतो हे तेव्हा जगात कोणासही ठाऊक नव्हते; की त्या काळी विलायतेतील मोठमोठे डॉक्टर आयांस नेमके उलट शिकवीत होते, आणि त्यांच्या शिकवणुकीने हजारो मुले गेली; आणि जे ज्ञान त्या वेळी कोणाजवळ नव्हते त्याचा दोष त्यांच्या माथी मारण्याचा अधिकार कोणास नाही. मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेव्हा हे कोणी बोलले असते तर बरे झाले असते." त्या संध्याकाळी त्यांनी पाळण्यावरची चादर स्वतः ओढून ताठ केली. उशीचे टाके उसवून मोहरी स्वयंपाकघरातील डब्यात ओतली, आणि घरात पुढे महिनाभर त्याच मोहरीची फोडणी झाली.

मोहरीच्या उशीस आपण जुनाट म्हणून नाके मुरडू. पण नव्या बाजारात तिच्या विलायती बहिणी थाटाने मिरवत आहेत. मुलाच्या डोक्यास आकार देणाऱ्या उशा अमेरिकेतही विकल्या जातात, आणि त्या वापरू नयेत असा इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाला २०२२ साली द्यावा लागला. वस्तुतः उताणे निजल्याने डोके किंचित चपटे झाले तर मूल बसू-फिरू लागल्यावर ते बहुतेक आपोआप सुधारते. जागेपणी पालथे ठेवणे व निजविताना मानेची बाजू आलटून पालटून बदलणे एवढा उपाय पुरतो. मावशींच्या रेशमी झालरींचीही तीच कथा. पाळण्याच्या गजांस बांधावयाच्या गुबगुबीत कापडी कडांमुळे १९८५ ते २००५ ह्या काळात २७ मुले दगावल्याची नोंद ब्रॅडली थॅच ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. डोके गजावर आपटू नये म्हणून लावलेली मऊ कड नाकाशी आली म्हणजे काय होते ते त्यात दिसून आले.

अमेरिकेतील एका उदाहरणाचा उल्लेख येथे विस्ताराने केला पाहिजे. फिशर-प्राइस ह्या नामांकित कंपनीने २००९ साली 'रॉक एन प्ले' नावाचा एक तिरपा झुलता पाळणा बाजारात आणला. त्यात मूल सुमारे तीस अंशांच्या उतारावर निजे, आणि लवकर निजे. म्हणून थकलेल्या आईबापांनी तो डोक्यावर घेतला. परंतु तान्ह्या मुलाचे डोके जड व मान दुर्बळ. उतारावर त्याची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. शिवाय तेथून वळणे त्यास सोपे व सुटणे कठीण असते. तीसहून अधिक मृत्यूंची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९ मध्ये असे सुमारे ४७ लाख पाळणे परत मागविण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये हीच घोषणा पुन्हा करावी लागली, तेव्हा नोंदलेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १०० झाली होती, आणि त्यांतील निदान आठ पहिल्या घोषणेनंतरचे होते. म्हणजे वस्तू परत मागविली तरी ती घरांच्या माळ्यांवरून, शेजाऱ्यांकडून, जुन्या बाजारातून पुन्हा पाळण्याच्या जागी येऊन बसली होती. मे २०२२ मध्ये तेथे जो कायदा झाला त्याने दहा अंशांहून अधिक तिरपी निजण्याची साधने व गुबगुबीत कडा ह्या दोहोंच्या विक्रीस बंदी केली.

शिकागो विद्यापीठातील लिंडा गिंझेल व बोआझ केयसार ह्या प्राध्यापक दांपत्याची कथा ह्याच जातीची. त्यांचा मुलगा डॅनी १९९८ सालच्या मे महिन्यात पाळणाघरात निजला असता घडीचा पाळणा मधोमध मिटला व त्यात त्याची मान सापडली. तो पाळणा पाच वर्षांपूर्वीच, १९९३ साली, परत मागविलेला होता. पाळणाघरास ते ठाऊकच नव्हते. त्या मातापित्यांनी शोक करीत न बसता मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक संस्था काढली, आणि दहा वर्षे झगडून २००८ च्या कायद्यात आपल्या मुलाच्या नावाचे कलम घालविले. त्या कायद्याने पाळणे व तत्सम वस्तूंची विक्रीपूर्वी कसोटी घेणे सक्तीचे झाले. त्यापूर्वी ह्या बाबतीतील पुष्कळसे नियम कारखानदारांच्या इच्छेवर सोपविलेले होते, हे वाचून आम्ही थक्क झालो. दुकानात मांडलेली वस्तू कोणी तरी तपासलेलीच असेल, अशी आपणा सर्वांची भाबडी समजूत असते. एक बाजू खाली सरकणारे पाळणे तेथे २०११ साली बंद झाले, तेही कित्येक मुले त्या फटीत सापडल्यानंतर. पाळण्याच्या दोन गजांतील अंतर सुमारे सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावे, हा नियम मुलाचे अंग जाईल व डोके अडकेल अशा दुर्घटनांतून जन्मला. चाकांचा पांगुळगाडा कॅनडात २००४ पासून विकण्यास बंदी आहे. आपल्याकडे तो आजही मामाच्या घरून कौतुकाने येतो. आपल्या सरकारने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानकचिन्ह सक्तीचे केले, ही मात्र समाधानाची गोष्ट होय.

ही सर्व बुद्धी पश्चिमेकडूनच यावयास हवी होती असे मात्र कोणी समजू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकाच्या निवासाचे वर्णन आहे. खोली कशी असावी, अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ कसे ठेवावे, घामाने मळलेले वस्त्र कसे टाकून द्यावे, हे त्यात सांगितले आहे. आणि खेळण्यांविषयी तर असे म्हटले आहे की ती रंगीबेरंगी, आवाज करणारी व मनोहर असावीत, परंतु जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत, प्राणघातक नसावीत व मुलास भिवविणारी नसावीत. तोंडात शिरेल असे खेळणे नको, हा नियम आजच्या कोणत्याही मानकात जसाच्या तसा घालावा. आयुर्वेदाच्या नावाने अभिमान बाळगणारे आपण, त्याच नावाने तान्ह्या मुलास मध चाटवितो व डोळ्यांत काजळ भरतो. एक वर्षाच्या आतील मुलास मधातून घातक जंतुबाधा होऊ शकते आणि कित्येक काजळांत शिसे असते, हे ज्ञान चरकाजवळ नव्हते. पण त्याची दृष्टी ज्याने आत्मसात केली तो हे ज्ञान आज नाकारणार नाही.

येथे एक आक्षेप ऐकू येतो व तो न्याय्य आहे. वेगळा पाळणा, वेगळी गादी, हे सर्व ज्यांच्या घरात जागा आहे त्यांच्यासाठी. इमारतीच्या पायाशी विटा वाहणाऱ्या बाईने लुगड्याची झोळी बांधली नाही तर मूल कोठे ठेवावे? मुंग्या, विंचू व भटकी कुत्री ह्यांच्यापासून ती झोळीच त्याचे रक्षण करते. झोळीत मुलाची पाठ वाकते, हनुवटी छातीस टेकते, कापड तोंडावर येते, हे सर्व खरे. म्हणून रात्रीची दीर्घ झोप झोळीत नको आणि दिवसाही मूल नजरेआड नको, एवढे सांगणे युक्त. परंतु जिच्याजवळ दुसरे साधन नाही तिला नियमांची यादी वाचून दाखविणे हे शहाणपण नव्हे. उलट गरिबाच्या घरची चटई व तीवर अंथरलेली एकपदरी गोधडी ही श्रीमंताच्या फुगीर गादीहून तान्ह्या मुलास अधिक हितकर आहे, ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

परंपरेस न तोडता सुधारणा कशी करावी ह्याचा धडा न्यूझीलंडातील माओरी लोकांनी घालून दिला आहे. त्यांच्यात आईजवळच मूल निजविण्याची चाल. ती सोडा म्हणून सांगणे व्यर्थ ठरले. तेव्हा २००५ च्या सुमारास डेव्हिड टिपेनी-लीच ह्या माओरी डॉक्टरांनी व विणकर स्त्रियांनी मिळून 'वाहाकुरा' नावाची सपाट तळाची टोपली प्रचारात आणली. ती त्यांच्याच भूमीतील तंतुमय पातींची विणतात; आईच्या अंथरुणावर, तिच्या कुशीशी ती ठेवतात, आणि मूल जवळही राहते व वेगळेही राहते. फिनलंडात १९३८ पासून गरीब मातांस व १९४९ पासून सर्व मातांस सरकार बाळाच्या कपड्यांची एक पेटी देते. त्या पुठ्ठ्याच्या पेटीच्या तळाशी लहानशी गादी असते, व अनेक मुलांची पहिली झोप त्याच पेटीत होते. नवजात मुलास सुपात घालण्याची चाल आपल्याही अनेक घरांत आहे. बुरुडाची कला, आपल्या आयांची रीत व डॉक्टरांचे ज्ञान ह्या तिहींस एकत्र बसविण्याचे कोणी मनावर घेतले तर आपणांसही अशी टोपली विणता येईल.

रिकामा पाळणा हलवू नये, असे आपल्याकडे म्हणतात, व त्यामागील भीती कोणासही कळण्यासारखी आहे. मोकळा पाळणा ही निराळी गोष्ट. त्यात मूल असते, आणि मुलाखेरीज काही नसते. अमेरिकेत अद्यापही दरसाल सुमारे ३५०० मुले झोपेत दगावतात, असा तेथील बालरोगतज्ज्ञांचा हिशेब आहे. म्हणजे नियम कळणे व ते घरोघरी पाळले जाणे ह्यांत बरेच अंतर आहे. आपल्याकडे हे अंतर कापण्याचे काम आजीवाचून होणार नाही, कारण बाळंतिणीच्या खोलीत अखेरचा शब्द तिचा असतो. तिला हे सांगताना नव्या पिढीने एवढे भान ठेवावे की, तिनेही कधी काळी अंधारात कोणाच्या तरी नाकापाशी बोट धरले होते. क्वचित ते बोट थंड राहिले होते. तिला दोष न देता, तिच्याजवळ बसून, कारण समजावून सांगितले तर ती ऐकते. आणि एकदा तिने ऐकले म्हणजे मुलाच्या अंथरुणातील उशी काढण्यास डॉक्टरास पुन्हा सांगावे लागत नाही.